चूक आमचीच आहे

इस्त्री शनिवारी संध्याकाळी घरात आली आणि रविवारी सकाळी घरात नव्हती. म्हटलं तर एवढंच झालं. त्याने आंघोळ उरकली, कपाटातला निळा शर्ट काढला, चुरगळलेली कॉलर बघून मनाशी म्हणाला चला, आज हिचा मुहूर्त करू, आणि ओट्याच्या कोपऱ्यात काल त्याने ती उभी करून ठेवली होती तिथे हात नेला, तर तिथे पाण्याची बाटली. खाली बघितलं, वरच्या फळीवर बघितलं, दाराआडसुद्धा बघितलं. बायको गॅससमोर पाठमोरी उभी होती, दुधावर नजर ठेवून. "अगं, इस्त्री कुठे गेली?" "खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिली," ती न वळता म्हणाली. "त्यांची बिघडलीये कधीची. आणि आपल्याला काय करायचीये? आपले कपडे बाहेर जातातच की." "कधी दिलीस?" "मघाशी. तुम्ही आंघोळीला गेलात तेव्हा." "बरं केलंस," तो म्हणाला, तसाच चुरगळलेला शर्ट अंगात घातला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसला. बरं केलंस हे शब्द तोंडातून अगदी नेहमीच्या सुरात गेले, मऊ, धार नसलेले. मनात मात्र हिशेब सुरू झाला. त्याची आंघोळ ती केवढी! तेवढ्यात ही बाई नळाचा आवाज सुरू होण्याची वाट बघते, इस्त्री उचलते, घरातल्याच कपड्यांत जिना उतरते, रविवारी सकाळी लोकांची झोपमोड करून बेल दाबते, वस्तू गळ्यात मारते आणि दूध उतू जायच्या आत परत येऊन उभी राहते. एवढी कसली घाई? खालच्या बाईंची इस्त्री बिघडली होती तर आजवर सांगितलं नाही ते? ज्याचा जन्म बिघडलेल्या वस्तूंच्या तक्रारी ऐकण्यात गेला त्याला?

खरंच जन्मच गेला म्हणायचा. घरगुती उपकरणांच्या एका मोठ्या दुकानात तो तक्रारीच्या खिडकीत बसायचा. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, गीझर, जे जे विजेवर चालतं आणि एक दिवस चालायचं थांबतं, ते सगळं घेऊन माणसं त्याच्या समोर यायची. लाल तोंडं, बगलेत मिक्सर. विक्रीवरची पोरं वाद घालायची, तुम्हीच पाण्यात बुडवला असेल, तुम्हीच आपटला असेल, आणि वाद चिघळला की आतून कोणीतरी ओरडायचं, "बर्फाकडे पाठवा रे!" बर्फ म्हणजे हा. तो वाद घालत नसे. मान किंचित खाली, आवाज त्याहून खाली, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "माफ करा, चूक आमचीच आहे." समोरच्याच्या शिडातली हवाच जायची. नवीन माणूस कामाला लागला की तो त्याला शिकवायचा, अरे, आधी मान्य करून टाकायचं. आपलं काय जातं? वस्तू आत जाते, मिस्त्री ती उघडतो, आणि मिस्त्रीला दिसतंच की दोष मुळातला आहे की गिऱ्हाइकाने वाट लावलीये. खरंखोटं होतं ते आतल्या टेबलावर. खिडकीशी फक्त माणूस शांत करायचा. इतकी वर्षं इतक्या वेळा म्हटल्यावर त्या वाक्याला ना खरं म्हणता येत होतं ना खोटं, नमस्कार म्हणतो तसं ते झालं होतं. धाकटी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, त्याची नक्कल करायची. "भावोजी, उद्या कोणी येऊन म्हणालं की ऊन फार पडलंय, तरी तुम्ही म्हणणार, माफ करा, चूक आमचीच आहे!" आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसायची की तोंडातल्या टाचण्या खाली पडायच्या, बायको ओरडायची, अगं, गिळशील एखादी.

टाचण्या, कारण धाकटी कपडे शिवायची. नवऱ्याशी पटलं नाही, सरळ निघून आली, दोन गल्ल्या पलीकडे एक खोली आणि स्वयंपाकघर घेऊन राहिली, आणि कोणाची एका पैचीही मिंधी न होता जगली. तिच्याकडे मशीन सतत चालू आणि इस्त्री सतत तापलेली. ती इस्त्री त्यानेच तिला दुकानातून घेऊन दिली होती. तिच्या घराची एक जादा किल्ली त्यांच्याकडे खिळ्याला असायची, आणि काही बिघडलं की भावोजी. त्याला जायला आवडायचं. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढे ते चारचौघांत वाचून दाखवलं गेलं. तिचं हसणं आवडायचं, तिने पाठीवर बोट मारून "इथे उसवलंय, काढा शर्ट, टाका मारते" म्हटलेलं आवडायचं, आणि एकदा टाका मारताना तिची मान खाली असताना तो त्या मानेकडे जरा जास्त वेळ बघत राहिला होता. संपलं. याच्यापुढे काही नाही, याच्यामागे काही नाही. पण माणसाच्या मनात असा एक खिळा असतो, बाहेरून दिसत नाही, आणि कोणाला काही टांगायचंच असेल तर त्याला तो बरोबर सापडतो.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तो तिचा दुरुस्त झालेला मिक्सर घेऊन गेला. बेल वाजवली. आत गाणी चालू होती. पुन्हा वाजवली. खिशात किल्ली होती, सकाळी बायकोने आठवणीने दिली होती, नसली घरी तर आत ठेवून या म्हणून. पण आत गाणी चालू म्हणजे बाई घरात आहे, न्हाणीघरात असेल, आणि एकट्या बाईच्या घराचं दार आपल्या किल्लीने उघडून आत जाणं त्याला बरं वाटेना. मर्यादा पाळली माणसाने! मिक्सर उंबऱ्याशी ठेवला आणि जिना उतरला. संध्याकाळी बायको गेली तेव्हा मिक्सर तिथेच होता, गाणी चालूच होती, आणि धाकटी मशीनच्या पायाशी पडली होती. डॉक्टर नंतर म्हणाले, घाव बसल्या बसल्या गेली नसावी, बराच वेळ पडून असावी. बराच वेळ म्हणजे केव्हापासून केव्हापर्यंत हे त्यांना सांगता येईना, आणि त्याने विचारलंही नाही. दाराच्या अलीकडे किल्ली खिशात घालून उभा असलेला तो, आणि दाराच्या पलीकडे ती. ही एक गोष्ट होती जिच्याबद्दल त्याला कोणाला तरी माफ करा म्हणायचं होतं. पण ती ऐकायला कोणाला वेळ नव्हता, पोलिसांना दुसरीच पाहिजे होती.

किल्ली त्याच्याकडे, जिन्यात दिसलेला शेवटचा माणूस तो, आणि वर त्याचा तो आवाज. "घरातलं माणूस गेलंय आणि तुम्ही इतके शांत कसे बोलता हो?" पहिल्या साहेबाने टेबलावर हात आपटून विचारलं. आता याला काय सांगायचं, की साहेब, समोरचा जितका चढतो तितका माझा आवाज उतरतो, सवय आहे? ओरडणाऱ्याचं त्याला भय नव्हतंच, ते रोजचं गिऱ्हाईक. कर नाही त्याला डर कशाला, असं स्वतःशी म्हणत तो ताठ बसून राहिला. पण मग दुसरा साहेब आला. हा मवाळ. त्याने पाणी मागवलं, खिडकी उघडली, खुर्ची टेबलाच्या याच बाजूला ओढली आणि मान किंचित खाली घालून बोलायला लागला, आणि ह्याला वाटलं, अरे, हा तर आपल्याच जातकुळीचा! आरशात बघितल्यासारखं झालं. बिचाऱ्याला कौतुकच वाटलं त्याचं. "तुम्ही काही सराईत नाही," मवाळ साहेब म्हणाला. "सभ्य माणूस आहात. अशा माणसाच्या हातून काही होतं ते भरात होतं, एका क्षणात. मन मोकळं करा, हलकं वाटेल." तो नाही म्हणाला. साहेबाने ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. नाही म्हटलं की साहेबाला वाईट वाटायचं. खरंच वाटायचं, चेहरा उतरायचा. उन्हाचा पट्टा भिंतीवरून सरकून दारापर्यंत गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या जागी आला, आणि हा आपला नाही, नाही, नाही. शेवटी नाही या शब्दाचाच त्याला उबग आला. घशाला कोरड, डोळ्यांत वाळू, पाठीचा कणा म्हणजे नुसती दुखरी काठी.

"ती आवडायची ना तुम्हाला?" साहेब म्हणाला. खोटं कशाला बोला, तो म्हणाला, "हो, आवडायची." साहेबाने सुस्कारा सोडला, गाठ सुटल्यासारखा. मग हळूच म्हणाला, "आता उरतं एवढंच, की तुमच्या मिसेसना बोलवावं लागेल. सख्खी बहीण गेलीये, पण इलाज नाही. याच खुर्चीवर बसवावं लागेल, हेच सगळं विचारावं लागेल. मला ते आवडणार नाही. तुम्हाला चालेल?" त्याने खुर्चीकडे बघितलं. रेक्झिन फाटलेलं, आतला काथ्या मांडीला टोचणारा. तिथे ती बसलीये, रडून डोळे सुजलेले, आणि तो पहिला साहेब तिच्यावर ओरडतोय, हे त्याला दिसलं, आणि जे वाक्य त्याच्या तोंडात आयुष्यभर तयारच असायचं ते बाहेर आलं. "ठीक आहे साहेब. चूक माझीच आहे." इथे कोणी त्याला मूर्ख म्हणेल. म्हणा! पण त्याच्या बाजूने त्याचा हिशेब सरळ होता. माणूस शांत झाला, आता वस्तू आत जाईल, आत कोणीतरी मिस्त्री असेल, तो उघडून बघेल आणि म्हणेल, छे, यात काही नाही, हा दोष इथला नव्हेच. एवढ्या मोठ्या इमारतीत आत मिस्त्रीच नसेल, खिडकीवर जे ठरतं तेच शेवटचं, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

पण नुसती चूक कबूल करून भागेना. "कशाने मारलंत?" साहेबाने विचारलं. "आठवा." "काठीने?" साहेबाने दुःखाने मान हलवली. "शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात काठी कुठून येईल?" "कात्रीने?" "कात्रीने रक्त किती सांडलं असतं, विचार करा. जड काहीतरी. तिच्या हाताशीच असणारं." तो विचार करू लागला. अगदी मनापासून, बरोबर उत्तर देऊन या माणसाला बरं वाटावं म्हणून. "इस्त्री?" "बघा," साहेब म्हणाला, "आठवतंय की." आणि त्याला, देवा, त्याला चक्क बरं वाटलं, शाळेत शाबासकी मिळाल्यासारखं. मग साहेबाने विचारलं, कशी होती इस्त्री? आता हे का त्याला कोणी विचारायचं? तो सांगत सुटला. जड, जुन्या घडणीची, काळी मूठ, आणि त्या बनावटीची वायर मुठीपाशी सोलवटते, सगळ्यांचीच, लोक तिथे चिकटपट्टी गुंडाळतात, आणि उचलली की ती जागा मनगटाला घासते. खिडकीत बसून गिऱ्हाइकाला सांगावं तसं त्याने सांगितलं, एकही तपशील न सोडता. साहेबाचा चेहरा बदलला. कारण त्या इस्त्रीच्या वायरीला मुठीपाशी खरंच चिकटपट्टी होती, आणि ही गोष्ट बाहेर कोणालाही कळू दिलेली नव्हती. तोवर तो साहेब आपलं काम करत होता, त्या क्षणापासून त्याचा खरोखर विश्वास बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. "आता घरी जाऊ ना?" त्याने विचारलं, आणि मवाळ साहेबाने दाराबाहेरच्या शिपायाला आत बोलावलं.

पुढचं काय सांगायचं, ते सांगण्यासारखंही नाही. कोठडीत वास कसला येतो, कोर्टात आपलाच जबाब चारचौघांत कसा ऐकावा लागतो, आठवडाभर कोणी आपल्याशी बोललं नाही की स्वतःचा आवाज कसा परका वाटतो, हे ज्याने भोगलं त्याने भोगलं. दुकानातला मिस्त्री तेवढा येऊन भेटायचा, जाळीला नाक लावून म्हणायचा, "चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!" बाकीच्यांचं एकच, आग असल्याशिवाय धूर निघत नाही. आणि मग एक दिवस अचानक एक माणूस पकडला गेला. खिडक्यांच्या काचा बसवत हिंडायचा, एका घरात बाईच्या अंगावर धावून गेला आणि शेजाऱ्यांच्या हाती सापडला. त्याच्याकडे धाकटीचं घड्याळ निघालं, तिच्या खिडकीवरचे बोटांचे ठसे जुळले, आणि त्यानेही सगळं कबूल केलं. झालं, सुटला हा. दरवाजा उघडला, कपडे परत दिले, जा म्हणाले. मवाळ साहेब व्हरांड्यात दिसला, ओळख नसल्यासारखा फोन कानाला लावून वळला. आयुष्यभर जे वाक्य त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट वाटलं, ते त्याला एकाही माणसाने एकदाही दिलं नाही.

मालकांनी कामावर परत घेतलं, उपकारच म्हणायचे. फक्त म्हणाले, "समोर नको बसायला, लोक ओळखतात. आत फोनवर बसा." आता तो चेहरा नसलेल्या माणसांची माफी मागायचा. इमारतीतल्या बायका जिन्यात भेटल्या की हसायच्या, जरा भिंतीला चिकटून वर जायच्या. त्यांची कुजबुज त्याच्या कानावर यायचीच: दोघांनीही कबूलच केलं ना? मग तो काचवाला गरीब, त्याला काय, चार रट्टे दिले की कोणीही हो म्हणेल. आणि ह्यांचं मात्र बघा, वायरीची चिकटपट्टीसुद्धा माहीत होती. लोकांचं एक वेळ सोडा, लोक काय, घोड्यावर बसू देत नाहीत आणि पायी चालू देत नाहीत. खरी भीती वेगळीच होती, आणि ती त्याने कोणाला सांगितली नव्हती. त्या खोलीत साहेबाच्या मदतीने त्याने ती दुपार इतकी नीट रचली होती, धाकटी कशी वळली, काय म्हणाली, मूठ हातात कशी बसली, वायर मनगटाला कशी घासली, की ती आता त्याच्याकडे खऱ्या आठवणीसारखी राहायला आली होती. दुपारी फोन उचलताना हाताला एकदम निराळंच वजन लागायचं, इस्त्रीच्या मुठीचं. आणि खरी दुपार, बंद दार, आतली गाणी, उंबऱ्यावरचा मिक्सर, ती मात्र दिवसेंदिवस फिकट होत चालली होती. कोणतं गाणं होतं ते आता आठवत नव्हतं. साहेबाबरोबर रचलेल्या दुपारमधला धाकटीच्या झग्याचा रंग मात्र आठवायचा, आणि तो कोणी सांगितला होता हे नाही. स्वतःवरच विसंबता येईना म्हटल्यावर माणसाने कोणावर विसंबायचं? बायकोवर. ती मानते ना की मी नाही केलं, मग नाही केलं. त्याचं सगळं एवढ्या एका खुंटीवर अडकलेलं होतं.

आणि बायको काय मानत होती? सुटला तेव्हा ती त्याला घ्यायला आली होती, त्याच्यासाठी नवीन शर्ट घेऊन. घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी, ताट पुढे ठेवता ठेवता, तिने एकदाच विचारलं, "वायरीचं तुम्हाला कसं माहीत होतं?" तो म्हणाला, "त्या बनावटीत तो दोषच आहे." आणि म्हणता म्हणता त्याला ऐकू आलं की आपला आवाज खिडकीतला आहे. ती म्हणाली, "असं का." बस्. पुन्हा कधी विषय नाही. असं का म्हणून निघून जाणारी गिऱ्हाइकं त्याने पुष्कळ बघितली होती. त्यातल्या काहींना पटलेलं असतं, काहींना नसतं, आणि पाठमोऱ्या माणसाकडे बघून कोण कुठलं ते सांगता येत नाही. इतकी वर्षं तो त्या पाठीकडे बघत आला होता. कपडे बाहेर इस्त्रीला देऊ या, ती म्हणाली, माझी कंबर दुखते. तो म्हणाला, देऊ या. मध्यंतरी त्याने दोनतीनदा चाचपून बघितलं, "तुला कधी काही वाटत नाही ना?" ती म्हणायची, "काय वाटायचंय? झोपा आता." आणि काल त्याने इस्त्री आणली. उगाच नाही आणली, हे त्याला आता चुरगळलेल्या शर्टात बसल्यावर लख्ख कळलं. मालक घेऊन जा म्हणाले हे खरं, पण त्याला बघायचं होतं की ती घरात राहते का.

तो उठून स्वयंपाकघरात गेला. "बस जरा," तो म्हणाला. "अहो, दूध..." "गॅस बंद कर. बस." ती बसली. तो टेबलाच्या पलीकडे बसणार होता, पण त्याने खुर्ची ओढून तिच्या बाजूला घेतली. "इस्त्री का दिलीस?" "सांगितलं ना, त्यांची बिघडलीये." "खरं कारण." ती ओट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मला बघवत नाही हो ती वस्तू. काल रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझा. माझी बहीण होती ती. मी उचललंय तिचं डोकं माझ्या मांडीवर. इस्त्री बघितली की मला तेच दिसतं. तुम्ही हौसेने आणलीत, तुम्हाला काय बोलायचं, म्हणून देऊन टाकली." तिचे डोळे भरून आले होते. त्याने मान डोलावली. "ते मी समजू शकतो," तो म्हणाला. "पण तेवढंच नाही."

"तेवढंच आहे." "तुला वाटतं ना, मीच केलं?" "नाही." "किती पटकन म्हणालीस." "मग काय थांबून म्हणू? नाही!" "हे बघ, मी रागावणार नाही. कोणालाही वाटेल. मी तुझ्या जागी असतो तर मलाही वाटलं असतं. मनात ठेवून ठेवून माणूस आजारी पडतं. बोलून टाक, मोकळी हो." ती त्याच्याकडे बघायला लागली, हा कोण बोलतोय असं. "असं काय करताय? काही नाहीये माझ्या मनात." "मग कडी का लावतेस आतून, मी बाहेर असलो की?" "एकटी असते म्हणून लावते! आमच्या घरातल्या एकट्या बाईचं काय झालं ते बघितलंय मी!" "रात्री कूस बदलून झोपतेस." "कंबर दुखते!" "मी ते कबूल केलं ते तुझ्यासाठी केलं," तो म्हणाला. हे त्याने आजवर सांगितलं नव्हतं. "तुला आणून बसवणार होते तिथे. तुला त्रास नको म्हणून मी हो म्हणालो." तिने हळूच विचारलं, "माझ्यासाठी?" आणि मग तिचा आवाज चढला. "माझ्या बहिणीला मारलं म्हणून सांगितलंत, ते माझ्यासाठी? बसवलं असतं तर बसले असते मी! ओरडले असते मी त्यांच्यावर, सांगितलं असतं की माझा नवरा मुंगी मारत नाही! मला विचारलंत तरी कधी? सगळ्या गावाच्या तोंडावर तुम्ही..." समोरचा चढला की त्याचा आवाज उतरायचा. "म्हणजे राग आहे," तो म्हणाला. "आहे राग! राग आहे म्हणजे संशय आहे का?" "पण कुठेतरी आहे ना? थोडासा?" "नाही." "एकदाही आला नाही मनात? इतक्या वर्षांत? वायरीचं ऐकलंस तेव्हाही नाही?" "नाही हो." "मला खरं ऐकायचंय." "खरं सांगितलं की म्हणता खरं सांग! काय ऐकायचंय तुम्हाला?"

ऊन ओट्यावरून खाली उतरून फरशीवर आलं होतं. दुधावर साय धरली होती. तिने दोनदा उठायचा प्रयत्न केला, दोनदा तो म्हणाला, "एवढं होऊ दे, मग ऊठ." तो एकदाही ओरडला नाही. तिला पाणीसुद्धा आणून दिलं. तेच पुन्हा पहिल्यापासून, वेगळ्या शब्दांत, अजून मऊ, आणि प्रत्येक नाहीवर त्याचा चेहरा खरोखरच उतरत होता. तिने कोपर टेबलावर टेकलं, कपाळ तळव्यात घेतलं. "हो," ती म्हणाली. "काय हो?" "वाटतं. कधीकधी वाटतं. झालं?" "कधीपासून?" तिने कपाळ अजून घट्ट धरलं. "वायरीचं ऐकलंस तेव्हापासून?" "हो, वायरीचं ऐकलं तेव्हापासून." "आणि ती मला आवडायची, हे कोर्टात ऐकलंस तेव्हा?" "तेव्हाही." "आणि काल इस्त्री बघितल्यावर?" "हो. काल इस्त्री बघितल्यावर."

एकही शब्द तिचा नव्हता. सगळे त्याने तिच्यापुढे मांडले होते, आणि तिने ते एकेक करून उचलले होते. असल्या 'हो'ची किंमत काय असते हे त्या अख्ख्या शहरात त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! सगळं सुटल्यासारखे तिचे खांदे खाली आले, तेही त्याला दिसलं, आणि ते कशाने येतात हेही त्याला माहीत होतं. तरी त्याच्या छातीत काहीतरी घट्ट बसलं, जागच्या जागी, इतकी वर्षं जागा शोधत असलेलं. इतके दिवस ती नाही म्हणत आली तेव्हा त्याला ते कधी पुरतं पटलं नव्हतं. हे एका दमात पटलं.

तिने तोंड पुसलं. त्याच्याकडे बघितलं आणि ती घाबरली. "अहो," ती म्हणाली, त्याच्या मनगटावर हात ठेवून, "अहो, तसं काही नाहीये. तुम्ही सोडेनात म्हणून म्हटलं मी. दमले होते हो. उगाच म्हटलं. ऐकताय ना?"

त्याने तिचा हात हळूच बाजूला केला.

"तू स्वतःच म्हणालीस," तो म्हणाला.